नव्वद फूट

नव्वद फुटांत एक मिनिट जातं.
हे मला उस्तादांनी शिकवलं, सेलूच्या टॉकीजमध्ये,
कार्बनच्या कांड्या जुळवता जुळवता.
परभणीकडची शेवटची पॅसेंजर बारा चाळीसला.
मालकाचं म्हणणं एकच:
गाडी चुकलेलं पब्लिक पुन्हा येत नसतं,
काढ कुठून तरी पाच मिनिटं.

गाणं कापलं तर खुर्च्या मोडतात.
मारामारी कापली तर खाली खरी होते.
आईचं रडणं बायकांच्या बाजूला
पाठ असतं, हुंदक्यांसकट.
राहता राहिला तो,
फाइल घेऊन आत येणारा,
"साहेब, सही" म्हणून बाहेर जाणारा.

मुंजाजी टेकाळे. गाव बोरी, तालुका जिंतूर.
नावांच्या पाटीत "आणि इतर".
निजामाच्या शाळेत उर्दूपायी छड्या खाल्लेल्या,
त्या मुंबईत कामी आल्या:
जीभ ऐकून मुन्शी दिला,
मग काझी, मग समोरच्या पार्टीचा वकील,
केस पिकले तसा डॉक्टर,
दार उघडून नुसती मान हलवणारा.
सत्तावीस वर्षांत पडद्यावर
त्याला कुणी बायको दिली नाही.
मेला तीनदा, त्यात दोनदा पाठमोरा.

मी त्याला बघितलं ते उलटं, नखाएवढं,
बल्बसमोर फिल्म धरून.
एका सिनेमात शेटजी बुडतो आहे,
सगळा कॅमेरा शेटजीवर,
आणि हा कोपऱ्यात कागदावरची शाई
फुंकून वाळवतो आहे.
कुणी सांगितलं नसणार त्याला.
सोळा चौकटी फुंकर आहे ती.
मी मोजल्या, मग कात्री लावली.

अठ्ठ्याहत्तर साली तो स्वतःच आला,
बायको, बहीण, भाचरं, सात तिकिटं रोखीनं.
डोअरकीपर म्हणाला,
"कुठं तरी बघितलंय बगा तुम्हाला."
"झेडपीत असंल," म्हणाला, आणि आत गेला.

अकरावं रीळ.
मी मंगळवारीच कापलेलं.
बुकिंगच्या भोकातून खाली बघत होतो:
त्यानं बहिणीचा दंड हलवला,
बोट वर केलं पडद्याकडं, आता बघ म्हणून,
आणि पडद्यावर दार उघडण्याऐवजी
एकदम लग्नाचा मांडव.

बोट तिथंच राहिलं, प्रकाशाच्या पट्ट्यात.
मग त्यानं त्याच बोटानं कान खाजवला.
जणू ते कानाकडंच निघालं होतं.
इतकं साफ काम
मी त्याच्या कुठल्याच रिळात पाहिलं नव्हतं.

सुटल्यावर जिना चढून वर आला.
"कापताव का हो?"
मी म्हणलं, गाडी असती.
"किती होतं?"
पावणेदोनशे फूट.
त्यानं मनात हिशेब केला, ओठ हलले.
"म्हणजे दोन मिनिटं होती की,"
म्हणाला, आणि खरंच खुलला.
"मला वाटलं, एकच असंल."

पुढं टीव्ही आला. तेरा आठवडे जज्ज झाला तो,
दर रविवारी, शेजारच्या चावलवारांकडं.
तिथं माझा हात पोचत नव्हता.
ते काम लाइटवाल्यांनी केलं,
नेमकं निकालाच्या वक्ताला.

कापलेले तुकडे परत जोडून
प्रिंट धाडायची असते डिस्ट्रिब्युटरला.
काही जोडले. काही नाही.
बिस्किटाच्या डब्यात आहेत, आता व्हिनेगरचा वास मारतात.
एकदा मापले: हजार फुटांच्या आत-बाहेर,
अकरा मिनिटं धरा.
त्यात हिरो नाही, मांडव नाही, कुणाची आई नाही.
मुन्शी आत येतो. डॉक्टर बाहेर येतो.
काझी कुणासाठी तरी थांबला आहे.

लावायला मशीन राहिली नाही.
दुपारी खिडकीशी बसतो,
एक तुकडा उन्हात धरतो, सवयीनं उलटा,
आणि सोळा चौकटी अंगठ्यानं सरकवत जातो,
शाई वाळेपर्यंत.